चाप ओढण्यापूर्वीचा अर्धा सेकंद

सुरगाण्यात पहाटे फिरायला निघालात, तर अंधारात धावत्या पावलांचा आवाज हमखास कानी पडतो. आजूबाजूच्या पाड्यांवरची मुले-मुली पोलीस भरतीसाठी सराव करीत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. रस्त्याच्या कडेला कोणीतरी घड्याळ धरून उभा असतो आणि सेकंदासेकंदाचा हिशेब चाललेला असतो.

अशाच एका सकाळी आमचा एक जुना विद्यार्थी धाप टाकीत माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "सर, भरती झालो तर हातात रायफल येईल. म्हणून एक विचारायचं होतं. कुठं गोळीबार झाला, की चावडीवर सगळे म्हणतात, 'पायावर मारायची होती, नाहीतर हवेत मारायची होती.' मग पोलीस तसं का करत नाहीत?"

मी त्याला म्हटले, "या प्रश्नाचे निम्मे उत्तर कायद्यात आहे, आणि निम्मे तू शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्रात."

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीही काही जण पुढे खाकी पोशाख चढवतील. बाकीचे नागरिक म्हणून वर्तमानपत्रात गोळीबाराच्या बातम्या वाचतील आणि त्यांवर मत बनवतील. तेव्हा हे उत्तर सर्वांनीच समजून घेतलेले बरे. चला, आधी गोळीपासूनच सुरुवात करू.

एवढ्याशा गोळीत किती ऊर्जा?

आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके .३०३ ची रायफल दिसत असे. तिच्या गोळीचे वस्तुमान सुमारे ११.३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या खिशातल्या दोन-तीन नाण्यांएवढे. नळीच्या तोंडातून ती बाहेर पडते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर असतो. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे गोळी स्वतःच्या आवाजाच्याही पुढे धावते. ज्याला ती लागते त्याला बार ऐकू येण्यापूर्वीच ती लागलेली असते.

आता गतिज ऊर्जा काढू. वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.०११३ किलोग्रॅम आणि ७४४ मीटर प्रति सेकंद या किमती घातल्या, की उत्तर येते सुमारे ३१०० जूल. हा आकडा किती मोठा आहे? ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० जूल ऊर्जा असते. भाताचे ५० किलोचे पोते सहा मीटरांहून अधिक उंचीवरून, म्हणजे दुमजली घराच्या छपरावरून खाली सोडले, तर जमिनीवर पोहोचताना त्याच्यात जेवढी ऊर्जा असेल, तेवढी या गोळीत असते. फरक इतकाच, की पोत्याची ऊर्जा मोठ्या पृष्ठभागावर विभागली जाते, तर गोळीची अर्ध्या चौरस सेंटिमीटरएवढ्या जागेवर.

.३०३ च्या नंतर आलेल्या ७.६२ मि.मी. च्या स्वयंभरणी रायफलीच्या गोळीची ऊर्जा याच पल्ल्यातली आहे. कमरेला लावायच्या ९ मि.मी. पिस्तुलाची गोळी ८ ग्रॅमच्या आसपास असते व वेग साधारण ३५० मीटर प्रति सेकंद. ऊर्जा काढून पाहा. सुमारे ४९० जूल, म्हणजे चार वेगवान चेंडूंएवढी.

'हवेत' झाडलेली गोळी कोठे जाते?

वर फेकलेला दगड खाली येतो हे सांगायला न्यूटन लागत नाही. गोळीही खाली येतेच. हवेचा विरोध नसता, तर सरळ वर झाडलेली .३०३ ची गोळी सुमारे २८ किलोमीटर उंच गेली असती आणि सुटली त्याच वेगाने परत आली असती. प्रत्यक्षात हवेच्या विरोधामुळे या जातीच्या गोळ्या सुमारे तीन किलोमीटरच चढतात. खाली येताना एक वेळ अशी येते, की गोळीचे वजन आणि हवेचा विरोध सारखे होतात. मग वेग वाढत नाही. याला आपण अंतिम वेग म्हणतो.

अमेरिकन सैन्यातील अधिकारी ज्युलियन हॅचर यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात फ्लॉरिडातील पाण्यावर असे प्रयोग केले होते. सरळ वर झाडलेली रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने परत येते, असे त्यांना आढळले. तिची ऊर्जा साधारण ४० जूल भरते. मूळच्या मानाने ही फारच थोडी, परंतु टोकदार वस्तू डोक्यावर आदळली तर जीव घेण्यास तेवढी पुरते.

शिवाय धांदलीत कोणी बंदूक नेमकी काटकोनात धरीत नाही. ती तिरपी असते. तिरपी सुटलेली गोळी स्वतःभोवती फिरत, टोक पुढे ठेवून जाते आणि बराच वेग राखून दोन-अडीच किलोमीटरांवर कोठेतरी उतरते. सुरगाण्याच्या डोंगरात एवढ्या अंतरात एक टेकडी आणि तिच्यापलीकडचा पाडा सहज येतो. त्या पाड्यावर अंगणात नागली वाळत घालणाऱ्या बाईचा त्या जमावाशी काय संबंध?

म्हणूनच जमावाच्या डोक्यावरून गोळ्या झाडू नयेत, झाडण्याची वेळच आली तर नेम खाली धरावा, असा दंडक आपल्या देशातील पोलिसांच्या नियमपुस्तकांत फार पूर्वीपासून आहे. वाचून नवल वाटते ना? 'हवेत गोळीबार' हा दयाळूपणाचा प्रकार आहे अशी आपली समजूत. पण ती गोळी निरपराध्याच्या नावाने सोडलेली चिठ्ठीच असते. तिच्यावर पत्ता तेवढा लिहिलेला नसतो.

खाली नेम धरल्याने तरी सारे सुरक्षित होते का? नाही. तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड मारून तुम्ही भाकऱ्या काढल्या असतील. लहान कोनातून आदळलेला दगड पाण्यातून उसळतो. गोळीही डांबरी रस्त्यावरून किंवा खडकावरून तशीच उसळते, आणि उसळल्यानंतर कोणत्या दिशेने जाईल हे कोणी सांगू शकत नाही. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. द्रुतगती महामार्गाच्या कडेलाच ही दाट वस्ती आहे. पुढे न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरविला. अशा ठिकाणी जमावामागे मोकळे रान नसते. घरांच्या भिंती असतात, आणि भिंतींमागे माणसे.

पायावर नेम का धरीत नाहीत?

आता त्या मुलाच्या प्रश्नातील पहिला भाग. येथे समरूप त्रिकोण उपयोगी पडतात.

पिस्तुलाच्या मागच्या बाजूला एक खाच असते आणि पुढच्या टोकाला एक लहानसा उंचवटा. त्याला माशी म्हणतात. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणले की नेम धरला गेला. खाच व माशी यांच्यातील अंतर सुमारे १५ से.मी. असते. समजा, २५ मीटरांवर एक मनुष्य आहे. त्याच्या पायाची रुंदी १५ से.मी. धरू. म्हणजे मध्यापासून ७.५ से.मी. पेक्षा अधिक चूक झाली, की गोळी पायाला लागणार नाही. २५ मीटरांवर ७.५ से.मी., तर १५ से.मी. वर किती? त्रैराशिक मांडा. उत्तर ०.४५ मि.मी. तुमच्या पेन्सिलीत जे ०.५ मि.मी. जाडीचे शिसे घालतात, त्याच्याहूनही कमी! माशी एवढीशी हलली, तरी नेम चुकला.

आणि हे झाले उभ्या पायाचे. धावणाऱ्या माणसाचा पाय तर लंबकासारखा मागेपुढे झुलत असतो. नेम धरणाऱ्याची छाती धडधडत असते, हात घामेजलेले असतात. चुकलेली गोळी पायाशेजारून पुढे निघून जाते, आणि तिच्यातली ऊर्जा जशीच्या तशी शिल्लक असते.

शिवाय मांडीतून एक मोठी धमनी जाते. ती फाटली तर काही मिनिटांत माणूस रक्तस्रावाने दगावू शकतो. म्हणजे 'पायावर' लागलेली गोळीही जीव वाचविण्याची हमी देत नाही. म्हणूनच जगभरच्या बहुतेक पोलीस दलांत समोरून हल्ला करणाऱ्यावर शरीराच्या मध्यभागी नेम धरावयास शिकवतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. लाठी हलकी मारता येते, जोरात मारता येते. बंदूक 'थोडीशी' चालविता येत नाही. तेव्हा खरा प्रश्न 'गोळी कोठे मारावी' हा नसून 'गोळी मारावी की नाही' हा असतो. तो प्रश्न चाप ओढण्यापूर्वी सोडवावा लागतो. त्यासाठी वेळ किती मिळतो?

एक प्रयोग करा

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. मित्राला एक मीटर लांबीची लाकडी पट्टी उभी धरावयास सांगा. पट्टीचे शून्य तुमच्या अंगठा व तर्जनी यांच्या मधोमध असावे, पण बोटांचा स्पर्श नको. न सांगता मित्राने पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. पट्टी किती खाली गेली ते वाचा. बहुतेकांच्या बाबतीत हे अंतर १५ ते २५ से.मी. येते. अंतराची दुप्पट करून तिला ९८० ने भागा आणि वर्गमूळ काढा, म्हणजे वेळ सेकंदांत मिळेल. २० से.मी. साठी ती ०.२ सेकंद येते. डोळ्याने पाहणे, मेंदूने ओळखणे आणि बोटाने हलणे, एवढ्याला लागणारा हा वेळ.

आता प्रयोग बदला. मित्राच्या दोन्ही हातांत एकेक पट्टी आणि त्यांच्या खाली तुमचे दोन्ही हात. डावी पट्टी सुटली तर ती पकडायची. उजवी सुटली तर हात मुळीच हलवायचा नाही. कोणती सोडायची ते मित्राने आयत्या वेळी ठरवावे. दहा-वीस वेळा करून पाहा. दोन गोष्टी दिसून येतील. डावी पट्टी आता पहिल्यापेक्षा अधिक खाली जाऊ लागते, कारण निवड करण्यास मेंदूला जास्त वेळ लागतो. आणि कधी ना कधी उजवी पट्टी सुटली असताना तुमचा उजवा हात मिटतो! पकडू नये हे ठाऊक असूनही तो मिटतो.

वर्गात या चुकीवर हशा पिकतो. पण पट्टीच्या जागी चाप आहे अशी कल्पना करा. समोरच्याने खिशात हात घातला. चाकू निघेल की ओळखपत्र? अंधाऱ्या बोळात, घाबरलेल्या मनाने, अर्ध्या सेकंदात ठरवायचे आहे. शिवाय चाप ओढण्याचा हुकूम मेंदूतून एकदा सुटला, की तो मागे घेण्यासही वेळ लागतो. तेवढ्यात समोरच्याने हात वर केलेले असू शकतात, पाठ फिरवलेली असू शकते. २५ मीटर अंतर कापण्यास रायफलच्या गोळीला सेकंदाचा तिसावा भागही पुरतो.

अंतर म्हणजे वेळ

मग उपाय काय? वेळ नसेल तर ती निर्माण करावी लागते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी येथील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली एक साधी गोष्ट मोजून दाखविली. चाकू घेतलेला मनुष्य सुमारे सात मीटर अंतर दीड सेकंदात धावून येतो, आणि कमरेचे पिस्तूल काढून नेम धरण्यास पोलिसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे काहींनी याचा अर्थ 'सात मीटरांच्या आत आला की गोळी घाला' असा लावला. तो चुकीचा आहे. यातून घ्यावयाचा धडा वेगळाच आहे. मागे सरका, मध्ये मोटार किंवा भिंत घ्या, मोठ्याने ताकीद द्या, जोडीदाराला बोलवा. अंतर वाढले की वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की निर्णय सुधारतो. वेग, अंतर, काळ यांचे जे सूत्र तुम्ही सातवी-आठवीत शिकलात, तेच येथे एखाद्याचा जीव वाचविते.

नाशिकला त्र्यंबक रस्त्यावर महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. राज्याचे फौजदार येथे शिकून बाहेर पडतात. कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात बंदूक हाती घेतल्यावर प्रथम तिच्या धक्क्याची ओळख होते. गोळीचा संवेग ०.०११३ गुणिले ७४४, म्हणजे सुमारे ८.४ एकक. तेवढाच उलट दिशेचा संवेग चार किलोच्या रायफलीला मिळतो, आणि ती सेकंदाला दोन मीटरांहून अधिक वेगाने खांद्यावर आदळते. दस्ता खांद्यात घट्ट रुतवला, तर रायफल आणि शरीर मिळून वस्तुमान वाढते व धक्का पेलतो. नवशिका मात्र धक्क्याच्या भीतीने बार होण्यापूर्वीच दचकतो आणि नळी खाली झुकते. ही भीती घालविण्यासाठी रिकाम्या बंदुकीवर पुनःपुन्हा सराव घेतात.

परंतु मैदानावरचा पुठ्ठ्याचा माणूस हालत नाही, ओरडत नाही, हात वर करीत नाही. त्याच्यावर नेम अचूक बसला म्हणजे प्रशिक्षण संपले असे नव्हे. आपल्या प्रयोगातील डावी पट्टी पकडण्याची ही तयारी झाली. उजवी पट्टी सोडून देण्याची तयारी वेगळी करावी लागते. त्यासाठी अचानक समोर येणारी निरनिराळी चित्रे दाखवून, कधी झाडावी आणि कधी झाडू नये, याचा सराव घेण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवाना येथील परिषदेने १९९० साली पोलिसांच्या शस्त्रवापराची जी मूलतत्त्वे स्वीकारली, त्यांतही समजूत घालणे, वाटाघाटी करणे, जमावाचे मन ओळखणे यांच्या शिक्षणाकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ४३ व्या कलमानुसार, अटकेला विरोध करणाऱ्यास पकडण्यासाठी पोलीस आवश्यक ते बळ वापरू शकतात. परंतु ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा आजीवन कारावासाच्या शिक्षेस पात्र गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा मृत्यू घडवून आणण्याचा अधिकार हे कलम देत नाही. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होती. उलट बाजूने, गंभीर आरोप असलेल्यावर वाटेल तेव्हा गोळी झाडावी, असाही तिचा अर्थ नव्हे. बळ आवश्यक तेवढेच हवे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असता बचावाचा हक्क तुम्हांआम्हांला आहे तसाच पोलिसालाही आहे. बेकायदा जमावाला प्रथम पांगण्याचा आदेश द्यावा लागतो.

अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९७४ साली घरफोडीच्या संशयावरून पळणारा एक पंधरा वर्षांचा मुलगा कुंपण चढत असताना पोलिसाच्या गोळीने मेला. त्याच्यापाशी शस्त्र नव्हते. तो निःशस्त्र असावा असे त्या पोलिसालाही वाटत होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली निकाल दिला, की केवळ पळतो आहे म्हणून कोणावर प्राणघातक बळ वापरता येणार नाही. त्याच्यापासून इतरांना गंभीर धोका असला पाहिजे.

आपल्या राज्याचेही एक प्रकरण आहे. मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात पोलिसांशी झालेल्या म्हणून सांगितलेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यांविषयीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल देऊन सोळा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. अशा मृत्यूची नोंद होऊन स्वतंत्र तपास झाला पाहिजे, दंडाधिकाऱ्याकडून चौकशी झाली पाहिजे, जखमीला वैद्यकीय मदत मिळाली पाहिजे आणि ज्या शस्त्रांतून गोळ्या सुटल्या ती तपासणीसाठी जमा केली पाहिजेत. या शेवटच्या सूचनेमागे पुन्हा विज्ञान आहे. नळीच्या आतील पीळदार खाचांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आणि त्यांवरून ती कोणत्या बंदुकीतून सुटली हे प्रयोगशाळेत ओळखता येते. साक्षीदार गप्प बसला, तरी गोळी बोलते.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. पोलिसाचा जीवही जीवच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या स्वयंचलित रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. गोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या. त्यांच्या हाती फक्त लाठी होती. तो अतिरेकी जिवंत सापडला, त्याच्यावर रीतसर खटला चालला आणि कटाची माहिती जगापुढे आली. त्या रात्री मुंबईत इतर ठिकाणी पोलिसांना गोळ्या झाडाव्याच लागल्या, आणि त्या झाडणे त्यांचे कर्तव्यच होते. शस्त्र कधी उचलावे आणि कधी आवरावे, हे दोन्ही समजणे म्हणजे प्रशिक्षण.

गोफण आणि बंदूक

भात आणि नागली पिकू लागली की आमच्याकडे शेतात माळा बांधून पाखरे राखतात. राखणदाराच्या हाती गोफण असते. गोफण फिरविण्यापूर्वी जाणता राखणदार शेतापलीकडच्या पायवाटेवर एक नजर टाकतो. पाणी भरायला चाललेली पोरे दिसली, तर गोफण खाली ठेवतो आणि नुसती हाळी देतो. एखादे कणीस पाखरांनी खाल्ले तरी चालेल, असा त्याचा हिशेब असतो.

त्या सकाळी हे सारे सांगून झाल्यावर मी त्या मुलाला पट्टीचा दुसरा प्रयोग करावयास लावला. चौदाव्या खेपेला त्याचा उजवा हात मिटला. तो पट्टीकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, ही चुकली."

"म्हणूनच ती इथं चुकू दे," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा रस्त्यावर होता. १६०० मीटरचे सेकंद कमी करण्याचा त्याचा सराव चालूच आहे. आता संध्याकाळी तो धाकट्या बहिणीला दोन पट्ट्या धरावयास लावतो. भरतीच्या परीक्षेत या प्रयोगाला गुण नाहीत. तरीही तुम्ही तो करा, आणि आपला उजवा हात कितव्या खेपेला मिटला ते वहीत लिहून ठेवा.